‘आम्हाला समजेल अशा भाषेत लिहा’ : एका अपमानातून उभी राहिलेली स्कोडा आणि तिची सव्वाशे वर्षांची गोष्ट

पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर स्कोडाच्या गाड्या आता नवीन राहिलेल्या नाहीत. ऑक्टेव्हिया, सुपर्ब, कुशाक, स्लाव्हिया ही नावं गाड्यांचा नाद नसलेल्यांनाही माहीत असतात. फोक्सवॅगनच्या मालकीची असल्यामुळे अनेकांना स्कोडा जर्मन कंपनी वाटते. पण ती मूळची चेक आहे. बाटाची चप्पल आणि जावा मोटारसायकल जिथून आपल्याकडे आली, त्याच देशातली.

आणि गंमत अशी की ही कंपनी सुरूच झाली ती एका जर्मन कंपनीने चेक भाषेला नाक मुरडलं म्हणून.

तेव्हापासून या कंपनीने एक साम्राज्य पाहिलं, एक लोकशाही देश पाहिला, नाझींची राजवट पाहिली, चाळीस वर्षं कम्युनिस्ट सरकार पाहिलं आणि शेवटी खुली बाजारपेठही पाहिली. मालक बदलले, झेंडे बदलले, एक वेळ अशी आली की स्कोडा म्हटलं की लोक हसायचे. बदललं नाही ते कारखान्याचं गाव. ही कंपनी एवढ्या उलथापालथीतून टिकली कशी, तेच आज समजून घेऊया.

सायकल बिघडली आणि पत्र लिहिलं

आजच्या चेक प्रजासत्ताकात, प्राग शहराच्या ईशान्येला म्लादा बोलेस्लाव नावाचं गाव आहे. १८९० च्या दशकात हा सगळा भाग ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता. लोकसंख्येत चेक बोलणारे जास्त होते, पण मोठा व्यापार, वरच्या नोकऱ्या आणि सरकारदरबार यांवर जर्मन भाषेचा वरचष्मा होता.

चेक समाज तेव्हा आपल्या भाषेसाठी जागा झाला होता. प्रागमध्ये लोकांनी वर्गणी काढून चेक भाषेचं राष्ट्रीय नाट्यगृह उभं केलं होतं. १८८२ मध्ये प्रागच्या जुन्या विद्यापीठाचे जर्मन आणि चेक असे दोन भाग झाले होते. भाषेचा प्रश्न घराघरात होता.

म्लादा बोलेस्लावमध्ये वात्स्लाव क्लेमेंट नावाचा तरुण पुस्तकांचं दुकान चालवायचा. त्याच्याकडे ‘जर्मानिया’ नावाची सायकल होती. ती बनवणारी कंपनी होती जर्मनीतल्या ड्रेस्डेनची, झायडेल उंड नाउमान. सायकल बिघडली, तेव्हा क्लेमेंटने कंपनीच्या जवळच्या शाखेला तक्रारीचं पत्र लिहिलं. पत्र अर्थातच आपल्या भाषेत, चेकमध्ये.

उत्तर आलं ते जर्मनमध्ये. त्याचा आशय असा होता की माहिती हवी असेल तर आम्हाला समजेल अशा भाषेत लिहा.

आता ही शाखा होती चेक लोकांच्याच प्रदेशात. ग्राहक चेक, पैसे चेक माणसाच्या खिशातले, आणि तक्रार मात्र जर्मनमध्ये करायची! क्लेमेंटच्या ते चांगलंच जिव्हारी लागलं.

त्याने वात्स्लाव लाउरीन या कारागिराला गाठलं. दोघांचंही पहिलं नाव एकच, स्वभाव आणि कामं मात्र वेगळी. लाउरीनचा हात यंत्रावर बसलेला, तर क्लेमेंटला धंद्याची नजर. १८९५ च्या डिसेंबरमध्ये दोघांनी मिळून एक छोटं वर्कशॉप सुरू केलं. आधी सायकलींची दुरुस्ती, मग स्वतःच्या सायकली. कंपनीचं नाव ‘लाउरीन अँड क्लेमेंट’.

आणि सायकलीचं नाव ठेवलं ‘स्लाव्हिया’. जर्मन लोकांची जर्मानिया, तर स्लाव्ह लोकांची स्लाव्हिया. पत्राला दिलेलं उत्तरच होतं ते.

सायकलवरून मोटारसायकल, मोटारसायकलवरून मोटार

नुसत्या रागावर धंदा चालत नाही. लाउरीन आणि क्लेमेंट टिकले ते चांगला माल बनवत असल्यामुळे.

पुढे क्लेमेंट पॅरिसला गेला असताना त्याने तिथे वर्नर बंधूंची इंजिन लावलेली सायकल पाहिली. त्या गाडीचं इंजिन पुढे, हँडलजवळ होतं. सगळं वजन वर आणि पुढे आल्यामुळे गाडीचा तोल सांभाळणं अवघड जायचं. लाउरीनने इंजिन खाली, सांगाड्याच्या मध्यभागी आणलं. १८९९ मध्ये त्यांच्या मोटारसायकली तयार व्हायला लागल्या. आजही बहुतेक मोटारसायकलींचं इंजिन त्याच जागी असतं.

१९०५ मध्ये फ्रान्समधल्या दूर्दाँ इथे एक मोठी आंतरराष्ट्रीय मोटारसायकल शर्यत झाली. तेव्हा तिला जागतिक अजिंक्यपदाइतका मान होता. ती जिंकली लाउरीन अँड क्लेमेंटच्या वात्स्लाव वोंद्रिखने. दहा वर्षांपूर्वी ज्यांना ‘आमच्या भाषेत लिहा’ असं ऐकून घ्यावं लागलं होतं, त्यांचं नाव आता युरोपभर छापून येत होतं.

त्याच वर्षी कंपनीची पहिली मोटार आली, ‘व्होआत्युरेत ए’. दोन सिलिंडर, सात हॉर्सपॉवर, आणि वेग ताशी साधारण ४० किलोमीटर. आज हे आकडे हास्यास्पद वाटतील, पण या गाडीने कंपनीचं नशीब पालटलं. १९०७ मध्ये कंपनीचे शेअर काढले गेले. पहिलं महायुद्ध सुरू होईपर्यंत लाउरीन अँड क्लेमेंट साम्राज्यातल्या मोठ्या मोटार कंपन्यांमध्ये गणली जात होती आणि तिच्या गाड्या रशियापासून जपानपर्यंत जात होत्या.

ज्याच्या नावाची गाडी, त्याने गाडी कधी बनवलीच नाही

मग या सगळ्यात ‘स्कोडा’ कुठून आलं?

त्यासाठी म्लादा बोलेस्लाव सोडून प्लझेन या शहरात जावं लागेल. पिल्सनर बिअरला ज्या गावाचं नाव मिळालं, तेच हे गाव. तिथे १८५९ मध्ये सुरू झालेला यंत्रांचा एक कारखाना होता. एमिल स्कोडा हा इंजिनिअर १८६६ मध्ये तिथे नोकरीला लागला आणि तीनच वर्षांत त्याने तो कारखाना विकत घेतला. पुढे त्याने तिथे पोलाद, साखर कारखान्यांची यंत्रं आणि मुख्य म्हणजे तोफा बनवल्या. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याला शस्त्रं पुरवणारा हा सगळ्यात मोठा कारखाना ठरला. १९१४ मध्ये बेल्जियमचे किल्ले फोडताना वापरलेल्या ३०५ मिलिमीटरच्या अवाढव्य तोफा स्कोडाच्याच होत्या.

एमिल स्कोडा १९०० मध्ये वारला. म्हणजे आज जगभर लाखो गाड्यांवर ज्याचं नाव आहे, त्याने आयुष्यात एकही मोटार बनवली नव्हती.

आणखी एक गंमत. चेक भाषेत ‘श्कोडा’ या शब्दाचा अर्थ होतो नुकसान किंवा हळहळ. ‘अरेरे, वाईट झालं’ असं म्हणायला चेक माणूस हाच शब्द वापरतो. एवढं अशुभ नाव घेऊन एक कंपनी शंभर वर्षं गाड्या विकतेय!

१९१८ मध्ये महायुद्ध संपलं, साम्राज्य मोडलं आणि चेकोस्लोव्हाकिया हा नवा देश जन्माला आला. स्कोडाला आता तोफांचं पूर्वीसारखं गिऱ्हाईक उरलं नव्हतं. कारखान्याला नवं काम हवं होतं. इकडे लाउरीन अँड क्लेमेंटची बाजारपेठही साम्राज्याबरोबर तुटली होती, आणि त्यात १९२४ मध्ये कारखान्याला आग लागली.

एकाकडे भांडवल होतं, दुसऱ्याकडे गाड्या बनवायचं ज्ञान. १९२५ मध्ये प्लझेनच्या स्कोडाने लाउरीन अँड क्लेमेंट आपल्यात सामावून घेतली. काही काळ गाड्यांवर दोन्ही नावं होती, हळूहळू एकच उरलं. आज स्कोडाच्या महागड्या मॉडेलवर ‘एल अँड के’ ही अक्षरं दिसतात ना, ती याच दोन वात्स्लावांची आठवण. आणि बोनेटवरचा पंख असलेला बाण? तो प्लझेनच्या स्कोडाचा. त्यांनी १९२० च्या दशकात नोंदवून घेतलेलं हे चिन्ह थोड्याफार बदलांसह अजून चालू आहे.

‘पॉप्युलर’ झालेली गाडी

विलीनीकरणानंतर काही वर्षांतच जगात महामंदी आली. मोठ्या, जड आणि महाग गाड्या घेणार कोण?

म्लादा बोलेस्लावच्या इंजिनिअरांनी गाडीचा सांगाडाच बदलायचं ठरवलं. तोवर बहुतेक गाड्या शिडीसारख्या जड लोखंडी चौकटीवर बांधल्या जात. त्याऐवजी त्यांनी पाठीच्या कण्यासारखी मधोमध एकच भक्कम नळी वापरली आणि चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन दिलं. गाडी हलकी झाली, खड्ड्यात बरी चालायला लागली आणि किंमतही उतरली.

१९३४ मध्ये या पद्धतीची ‘पॉप्युलर’ आली आणि नावाप्रमाणे लोकप्रिय झाली. ती गाडी टिकाऊ आहे हे दाखवायला त्याच वर्षी काही चेक प्रवासी पॉप्युलर घेऊन प्रागहून निघाले आणि थेट कलकत्त्याला पोहोचले. १९३६ मध्ये प्रोखाझ्का आणि कुबियास या जोडीने ‘रॅपिड’ गाडीतून ९७ दिवसांत जगाची फेरी पूर्ण केली.

रॅपिड, सुपर्ब ही नावं ओळखीची वाटली ना? ती नावं आजची नाहीत, याच दशकातली आहेत.

कंपनीचे दोन्ही संस्थापक या काळात गेले. लाउरीन १९३० मध्ये, तर क्लेमेंट ऑगस्ट १९३८ मध्ये. क्लेमेंट गेला त्याच्या पुढच्याच महिन्यात म्युनिकचा करार झाला, आणि चेकोस्लोव्हाकियाचा सीमाभाग ब्रिटन आणि फ्रान्सच्या संमतीने हिटलरच्या हातात गेला. जर्मन भाषेतलं ते पत्र मिळालेल्या माणसाला पुढचं बघावं लागलं नाही.

कारखाना नाझींच्या ताब्यात

मार्च १९३९ मध्ये जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरलं. हिटलरला चेकोस्लोव्हाकिया हवा होता, त्यामागे तिथले शस्त्रांचे कारखाने हे एक मोठं कारण होतं आणि त्यात स्कोडाचा नंबर वरचा. लवकरच स्कोडा ‘हेर्मान ग्योरिंग’च्या नावाने चालणाऱ्या नाझी उद्योगसमूहात ओढली गेली.

लोकांसाठी गाड्या बनवणं जवळपास थांबलं. म्लादा बोलेस्लावमध्ये सैन्याच्या गाड्या आणि शस्त्रांचे भाग तयार व्हायला लागले. रशियाच्या चिखलात तोफा ओढण्यासाठी एक अवजड ट्रॅक्टर इथेच बनला. त्याचं डिझाइन होतं फर्डिनांड पोर्शेचं. फोक्सवॅगनची बीटल डिझाइन करणारा तोच हा पोर्शे. हे नाव लक्षात ठेवा, कारण फोक्सवॅगन पुढे परत येणार आहे.

एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकन विमानांनी प्लझेनचा कारखाना जमीनदोस्त केला. कामगारांनी आधीच बाहेर पडावं म्हणून रेडिओवरून इशाराही दिला गेला होता. म्लादा बोलेस्लावच्या कारखान्यावर बॉम्ब पडले ते ९ मे १९४५ ला, म्हणजे जर्मनीने शरणागती पत्करल्यानंतर. युद्ध संपलं होतं आणि कारखाना तेव्हा मोडला.

आता मालक सरकार

१९४५ च्या ऑक्टोबरमध्ये देशातले मोठे उद्योग सरकारने ताब्यात घेतले. म्लादा बोलेस्लावचा मोटार कारखाना प्लझेनपासून वेगळा झाला आणि त्याचं नवं नाव होतं ‘मोटार कारखाने, राष्ट्रीय उपक्रम’. गाड्यांवर मात्र स्कोडा हेच नाव राहिलं. तेव्हापासून स्कोडा या नावाची दोन वेगळी घराणी झाली. आज प्लझेनच्या बाजूची स्कोडा ट्राम आणि रेल्वे बनवते, तिचा गाड्यांच्या कंपनीशी मालकीचा संबंध नाही.

१९४८ मध्ये कम्युनिस्टांनी सत्ता हातात घेतली. किती गाड्या बनवायच्या, कोणत्या बनवायच्या, कुणाला विकायच्या, हे सगळं वरून ठरायला लागलं. पोलाद आणि अवजड यंत्रांना पहिला मान, मोटारी नंतर. गाडी हवी असेल तर आगाऊ पैसे भरून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. आपल्याकडच्या पिढीला बजाज स्कूटरच्या नंबराची आठवण होईल, अगदी तोच प्रकार.

तरी कारखान्यातलं कसब संपलं नव्हतं. १९५० मध्ये फ्रान्सच्या ल माँ इथल्या २४ तासांच्या प्रसिद्ध शर्यतीत स्कोडाची छोटी ‘११०१ स्पोर्ट’ उतरली. रात्री ती आपल्या गटात आघाडीच्या गाड्यांमध्ये होती, पण इंजिनमधला एक लहानसा भाग तुटला आणि सगळं संपलं. राजकारणाची भिंत उंच होत गेली, आणि स्कोडाचा संघ परत त्या शर्यतीत दिसला नाही.

१९५९ मध्ये पहिली ऑक्टेव्हिया आली. १९६४ मध्ये तर कंपनीने नवा कारखाना उभारून ‘१००० एमबी’ ही गाडी आणली. एमबी म्हणजे म्लादा बोलेस्लाव. तिच्या इंजिनाचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा होता, साच्यात उच्च दाबाने ओतलेला. त्या काळात हे तंत्र पुढारलेलं मानलं जायचं.

इंजिन मागे आणि जगही मागे टाकून गेलं

१००० एमबीचं इंजिन मागे होतं. १९६४ मध्ये त्यात चुकीचं काही नव्हतं. फोक्सवॅगनची बीटल, रेनॉ, फियाट, अशा अनेक छोट्या गाड्यांची इंजिनं तेव्हा मागे असायची. इंजिन मागे आणि ताकद मागच्याच चाकांना, त्यामुळे मधला लांब दांडा वाचायचा, आत जागा मिळायची.

पण १९७० च्या दशकात चित्र पालटलं. इंजिन पुढे आणि ताकदही पुढच्या चाकांना, ही पद्धत पश्चिम युरोपात रूढ झाली. १९७४ मध्ये खुद्द फोक्सवॅगननेही बीटलच्या जागी पुढच्या चाकांवर चालणारी गोल्फ आणली. अशी गाडी वळणावर जास्त भरवशाची असते. मागे इंजिन असलेली गाडी मात्र ओल्या रस्त्यावर जोरात वळवली तर मागून घसरते.

स्कोडाच्या इंजिनिअरांना हे कळत नव्हतं असं मुळीच नाही. त्यांनी पुढच्या चाकांवर चालणारे नमुने तयारही केले होते. पूर्व जर्मनीबरोबर मिळून एक समान गाडी बनवायची योजनाही झाली, पण ती १९७३ मध्ये गुंडाळली गेली. १९६८ मध्ये रशियन रणगाड्यांनी प्रागमधल्या सुधारणा चिरडल्यानंतर नवा विचार आणि नवा पैसा दोन्ही आटले होते. म्हणून १९७६ मध्ये स्कोडाने नवी म्हणून जी १०५ आणि १२० ही मालिका आणली, तिचंही इंजिन मागेच होतं. आणि त्याच गाड्या पुढे दहा-बारा वर्षं बनत राहिल्या.

परकीय चलनासाठी या गाड्या ब्रिटनमध्ये स्वस्तात विकल्या गेल्या. तिथे स्कोडा हा विनोदाचा विषयच झाला. स्कोडाची किंमत दुप्पट कशी करायची? टाकी पेट्रोलने भरा. मागची काच गरम करायची सोय कशासाठी दिलीय? गाडी ढकलताना हात गारठू नयेत म्हणून. असे शेकडो विनोद होते.

विनोद करणाऱ्यांना एक गोष्ट मात्र माहीत नसायची. हीच टिंगल होणारी कंपनी रॅली शर्यतींत आपल्या गटात वर्षानुवर्षं जिंकत होती. तिची ‘१३० आरएस’ १९७७ मध्ये माँटे कार्लो रॅलीत आपल्या गटात पहिली आणि दुसरी आली, आणि १९८१ मध्ये स्कोडाने युरोपियन टूरिंग कार स्पर्धाही जिंकली. हात तेच होते, डोकी तीच होती. अडलं होतं ते निर्णय घेण्याच्या मोकळीकीपाशी आणि पैशापाशी.

शेवटी १९८७ मध्ये ‘फेव्हरिट’ आली. पुढे इंजिन, पुढच्या चाकांना ताकद, आणि इटलीच्या बेर्तोनेने रेखलेला देखणा आकार. पण गोल्फला तेरा वर्षं उलटली होती.

१९९१ : जर्मन परत आले, पण या वेळी करार करून

नोव्हेंबर १९८९ मध्ये प्रागच्या रस्त्यांवर लाखो लोक उतरले आणि गोळी न झाडता कम्युनिस्ट राजवट गेली. आता स्कोडाला खुल्या बाजारात जगायचं होतं. वर्षाला जेमतेम पावणेदोन लाख गाड्या, जुनी यंत्रं आणि एकच नवं मॉडेल. जोडीदार शोधल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

अनेक कंपन्या आल्या. शेवटी शर्यत उरली फ्रान्सची रेनॉ आणि जर्मनीची फोक्सवॅगन यांच्यात. चेक लोकांसाठी ही साधी धंद्याची निवड नव्हती. नाझी ताबा पाहिलेली पिढी अजून हयात होती. देशातला नावाजलेला कारखाना पुन्हा जर्मन हातात द्यायचा का, असा तो प्रश्न होता.

डिसेंबर १९९० मध्ये सरकारने फोक्सवॅगनची निवड केली. फोक्सवॅगनच्या प्रस्तावातला एक मुद्दा निर्णायक होता. स्कोडा हे नाव राहील, ती फोक्सवॅगन, ऑडी आणि सेआट यांच्या शेजारी समूहाचा चौथा ब्रँड असेल, आणि गाड्यांचं डिझाइन म्लादा बोलेस्लावमध्येच होत राहील. एप्रिल १९९१ मध्ये सुमारे ३० टक्के हिस्सा घेऊन फोक्सवॅगन आत आली. पुढे हा हिस्सा टप्प्याटप्प्याने वाढत गेला आणि २००० मध्ये स्कोडा पूर्णपणे तिच्या मालकीची झाली.

सगळं सुरळीत झालं असंही नाही. १९९३ मध्ये फोक्सवॅगन स्वतःच अडचणीत आली आणि तिने स्कोडासाठीच्या मोठ्या कर्जाचा करार ऐनवेळी रद्द केला, गुंतवणुकीला कात्री लावली. चेक सरकार चिडलं. आपण फसलो की काय, ही भीती तेव्हा खरी वाटत होती.

विनोद थांबले कसे?

फोक्सवॅगनने आधी फेव्हरिटच सुधारली. १९९४ मध्ये ‘फेलिशिया’ आली. मग १९९६ मध्ये नवी ऑक्टेव्हिया आली, आणि खरा बदल तिथे झाला.

ही ऑक्टेव्हिया गोल्फच्या प्लॅटफॉर्मवर बांधली होती. प्लॅटफॉर्म म्हणजे काय? घरात कणीक एकदाच मळतात, पण तिच्यातून पोळी, पुरी, पराठा असं वेगवेगळं करता येतं. तसंच गाडीचा तळ, सस्पेन्शन, इंजिनाची बैठक हे महागडं काम समूह एकदाच करतो आणि त्यावर वेगवेगळ्या ब्रँडच्या गाड्या उभ्या राहतात. स्कोडाला एका झटक्यात युरोपातलं ताजं तंत्रज्ञान मिळालं. आणि वर गाडी कशी असावी, हे चेक इंजिनिअरांनी ठरवलं. भरपूर जागा, मोठी डिकी, रोजच्या वापराच्या बारीक सोयी आणि त्या मानाने कमी किंमत.

ब्रिटनमध्ये तर कंपनीने आपल्यावरच्या विनोदांचाच वापर करून घेतला. २००० मध्ये आलेल्या फाबियाच्या जाहिरातींमध्ये लोक गाडीचं कौतुक करतात, पण ती स्कोडा आहे यावर विश्वासच ठेवत नाहीत, असं दाखवलं होतं. लोक हसले, पण या वेळी कंपनीबरोबर हसले.

२०१४ मध्ये स्कोडाने पहिल्यांदाच एका वर्षात दहा लाखांहून जास्त गाड्या विकल्या. पुढे तर उलटंच झालं. स्कोडा स्वस्तात चांगल्या गाड्या देऊन आमचंच गिऱ्हाईक पळवते, अशी कुरकुर २०१७ मध्ये फोक्सवॅगनच्या जर्मनीतल्या गोटातून ऐकू यायला लागली.

या नात्याची किंमतही मोजावी लागली. २०१५ मध्ये फोक्सवॅगनचा डिझेल घोटाळा उघड झाला. प्रदूषणाच्या चाचणीत फसवणारं सॉफ्टवेअर असलेल्या गाड्यांमध्ये स्कोडाच्या सुमारे १२ लाख गाड्या निघाल्या. इंजिनं समूहाची होती, तसा डागही समूहाबरोबर वाटून घ्यावा लागला.

औरंगाबाद ते चाकण

महाराष्ट्राचा या गोष्टीत प्रवेश होतो २००१ मध्ये. आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, शेंद्रा एमआयडीसीत स्कोडाने कारखाना टाकला आणि तिथे ऑक्टेव्हियाची जुळणी सुरू झाली. फोक्सवॅगन समूहाने भारतात पाय ठेवला तो असा, स्कोडाच्या हाताने. भक्कम बांधणी आणि डिझेल इंजिन यांमुळे ऑक्टेव्हियाने इथे चांगलंच नाव काढलं. मात्र विक्रीनंतरची सेवा आणि देखभालीचा खर्च यावरून स्कोडाला भारतात वर्षानुवर्षं टीकाही सहन करावी लागली.

२००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा मोठा कारखाना सुरू झाला. २०१८ मध्ये समूहाने भारतासाठी एक अब्ज युरोंची योजना जाहीर केली आणि तिची सूत्रं दिली स्कोडाकडे. २०१९ मध्ये समूहाच्या भारतातल्या कंपन्या एकत्र होऊन पुण्यात मुख्यालय असलेली ‘स्कोडा ऑटो फोक्सवॅगन इंडिया’ तयार झाली. या योजनेतून भारतासाठी खास प्लॅटफॉर्म बनला. त्यावर २०२१ मध्ये कुशाक आली, नंतर २०२२ मध्ये एक सेडान, आणि २०२४ च्या अखेरीस कायलॅक.

यातल्या सेडानचं नाव कंपनीने ठेवलं ‘स्लाव्हिया’.

म्हणजे १८९५ मध्ये एका पुस्तकविक्रेत्याने आणि एका कारागिराने आपल्या पहिल्या सायकलीला जे नाव दिलं, तेच. तेव्हा ते जर्मन कंपनीला दिलेलं उत्तर होतं. आज ते एका जर्मन समूहाच्या कारखान्यात, चाकणमध्ये, मराठी कामगारांच्या हातून गाडीवर चढतं.

म्लादा बोलेस्लावमध्ये आजही स्कोडाचं मुख्यालय आणि कारखाना आहे. आणि ड्रेस्डेनची ती सायकल कंपनी? दुसऱ्या महायुद्धानंतर ती संपली. 

पुढच्या वेळी सिग्नलला एखादी स्लाव्हिया शेजारी येऊन थांबली, तर तिच्या मागच्या बाजूला लिहिलेलं नाव जरूर वाचा. त्यामागची गोष्ट आता तुम्हाला माहीत आहे.